अर्जदार त्या दिवशी घरीच होता

प्रति,
मा. प्रमुख,
विभागीय शालेय प्रशासन कचेरी,
शिक्षक प्रशिक्षण शाखा.

अर्जदार: ओब्रेन वुकायलोविच, वय ५९, तंत्रशिक्षणाचा शिक्षक, प्राथमिक शाळा, ओराश्ना.
लिहिणार: मिलुन्का तोशिच, विषय तोच, शाळा तीच.

विषय: ‘गोल करवतीचा सुरक्षित वापर’ या प्रशिक्षणाचे अर्जदाराच्या नावाचे प्रमाणपत्र रद्द होणेबाबत (अर्ज तिसरा).
संदर्भ: आपले दि. ५ मे २०१६ चे पत्र.

महोदय,

१. वरील विषयास अनुसरून सविनय सादर करण्यात येते की, अर्जदाराच्या उजव्या हाताला आता अंगठ्याखेरीज बोट नाही. सबब हा अर्ज अर्जदार शेजारी बसून सांगत आहे व वर नमूद केलेली सहकारी लिहीत आहे. अर्जदाराला कचेरीची भाषा येत नाही. तो प्रत्येक वाक्याच्या सुरुवातीला ‘हरामखोरांनो’ म्हणतो. त्या त्या ठिकाणी ‘महोदय’ असे वाचावे.

२. दि. १ जून रोजी शाळा समितीची बैठक आहे. तिच्यापुढे एकच विषय आहे: ‘रीतसर प्रशिक्षित असूनही निष्काळजीपणे यंत्र हाताळल्याबद्दल’ अर्जदाराला नोकरीवरून काढणे. या वाक्यातला ‘रीतसर प्रशिक्षित’ हा भाग ज्या एका कागदावर उभा आहे, तो म्हणजे दि. २१ नोव्हेंबर २०१५ चे आठ तासांचे प्रमाणपत्र. ते प्रमाणपत्र खोटे आहे. अर्जदार त्या प्रशिक्षणाला गेलाच नव्हता. ते रद्द व्हावे आणि तेहतीस वर्षे ज्या कर्मशाळेत त्याने घालवली तिथेच त्याला राहू द्यावे, इतकीच विनंती आहे. शिकवणे जमत नसेल तर मुलांना पाती मोजून द्यायला, यंत्रांना तेल घालायला आणि संध्याकाळी कुलूप लावायला तो तयार आहे. कुलूप डाव्या हाताने लागते, हे करून पाहिलेले आहे.

३. दि. २१ नोव्हेंबर हा देवदूत मिखाइलचा दिवस. त्या दिवशी अर्जदाराच्या घरचा स्लावा, म्हणजे घराण्याच्या संताचा सण, असतो, आणि ओराश्नात निम्म्या घरांचा असतो. स्लावाला बोलावणे जात नाही. ज्याला यायचे तो येतो आणि घरधन्याला दारात असावेच लागते. सकाळी लावलेली मेणबत्ती विझेपर्यंत घरधनी बसतसुद्धा नाही, उभ्यानेच वाढतो. आजा मेला तरी नातू दुसऱ्या वर्षी मेणबत्ती लावतो. असे असताना प्रशिक्षणासाठी नेमका तोच शनिवार कोणी निवडला, हे अर्जदार विचारत नाही. पत्रकाखाली आपली सही आहे.

४. अशा वेळी आमच्याकडे काय करतात हे आपणास नव्याने सांगायला नको. ज्याच्या घरी स्लावा नाही तो प्रशिक्षणाला जातो आणि बाकीच्यांच्या सह्या करतो. त्याच्या घरी स्लावा असतो तेव्हा प्रशिक्षणाला दुसरा कोणी जातो. लिहिणारीच्या घरचा संत निकोला. त्याचा दिवस १९ डिसेंबर. म्हणून नोव्हेंबरात ती गेली. डिसेंबरात ती घरी मासे तळत होती आणि अर्जदार ‘वर्गातील संयम’ या विषयावर दोघांच्या वतीने संयम शिकत होता. अर्जदार धुतल्या तांदळासारखा आहे असा दावा नाही. दावा इतकाच की तो घरी होता.

५. यावर आपण आपल्या पहिल्या पत्रात साक्षीदार मागितले. साक्षीदार होते. त्या दुपारी अर्जदाराच्या टेबलाभोवती तेराजण जेवत होते. त्यांतले अकराजण त्याच वेळी हजेरीपटावरही हजर होते, बारावे म्हणजे प्रशिक्षक रातोमिर, ते या अकराजणांना शिकवत होते, आणि तेरावे आपण. आपण तपासणी करत होता. आपल्या तपासणी अहवालात ‘दुपारी अडीच वाजता भेट दिली, उपस्थिती पूर्ण, वातावरण उत्साही’ असे लिहिले आहे. उपस्थिती पूर्ण होती हे खरे आहे. वातावरणही उत्साही होते. खिमा भरून गुंडाळलेली पानकोबीची सारमा आपण दोनदा घेतलीत आणि अर्जदाराच्या बायकोला म्हणालात, “येलित्सा, असला हात साऱ्या जिल्ह्यात नाही.” येलित्साचे ते हात अजून धड आहेत.

६. अर्जदार अकराही जणांकडे गेला. मुख्याध्यापक स्रेतेन म्हणाले, “तू घरी होतास असं मी लिहून देऊ? आणि मग मी कुठं होतो?” चित्रकलेच्या बाईंनी दार उघडले नाही, पण खिडकीतून केकचा तुकडा दिला. राहता राहिले पाद्रीबाबा. ते शाळेत धर्म शिकवतात. शिक्षकी परवान्याला लागणारे प्रशिक्षणाचे तास त्यांचेही कमी पडत होते, म्हणून गोल करवतीच्या यादीत तेही आहेत. त्या दिवशी त्यांनीच अर्जदाराच्या घरचा पाव कापला, त्यावर वाइन शिंपडली आणि घराला आशीर्वाद दिला. ते म्हणाले, “बाळा, मी तुझ्याकडं होतो हे देवाला ठाऊक आहे. त्याच्या साक्षीवर भागव.” आपल्याच दातांनी आपलेच ओठ कसे चावायचे, असा सगळ्यांचा प्रश्न आहे. येलित्साने साक्ष दिली, ती आपण ‘घरातील व्यक्ती’ म्हणून बाद केलीत. बाहेरची व्यक्ती घरात काय झाले ते कसे सांगणार, आणि बाहेरची जी घरात होती ती तर प्रशिक्षणात होती.

७. दुसऱ्या अर्जासोबत छायाचित्र जोडले होते. आपण कळवलेत की दर वर्षी तेच टेबल, तीच माणसे आणि तीच मेणबत्ती असल्याने वर्षाचा बोध होत नाही. हे मान्य आहे. पण त्या छायाचित्रात घरधन्याच्या हातात वाइनचा ग्लास आहे आणि त्या हाताला पाच बोटे आहेत, म्हणजे ते निदान या वर्षीचे नाही, इतका बोध व्हायला हरकत नव्हती. छायाचित्र पुन्हा जोडले आहे. त्यात आपण तोंडात घास असताना आलेले आहात. आपला भाग आदरपूर्वक मागे दुमडला आहे.

८. आता अपघात. दि. १० मार्च, गुरुवार, तिसरा तास, सहावी ब. करवत नवी, देणगीत आलेली. जुनी करवत बटण दाबले की जागच्या जागी थांबायची; तेहतीस वर्षे अर्जदाराच्या हाताला तीच सवय. मुले पाखरांना घरट्यासाठी लाकडी पेट्या करत होती. एक ढलपी पात्यापाशी अडकली. अर्जदाराने नियमाप्रमाणे कान झाकले होते. नियमाप्रमाणे बटण बंद केले. नियमाप्रमाणे वर्गाला दोन पावले मागे सरकवले. मग तो वर्गाला म्हणाला, “बघा, आता ही मेली. आता हिला कुणीही हात लावावा.” आणि लावून दाखवला.

९. बोटे मुलांनी शोधली. तीन सापडली. मुख्याध्यापकांनी आधी हजेरी घेतली, मग गाडी बोलावली. चौकशीच्या अहवालात आपल्या कचेरीने लिहिले आहे की, ‘प्रात्यक्षिक परिणामकारक झाले, परंतु पाठ्यक्रमात त्याची तरतूद नव्हती.’

१०. पहिला अर्ज केल्यावर अर्जदाराला प्रशिक्षक रातोमिर यांचे पत्र आले. दि. १६ एप्रिलला शेजारच्या तालुक्यात तेच प्रशिक्षण पुन्हा होते आणि अर्जदाराने यावे, अशी कळकळीची विनंती होती. अर्जदाराला वाटले, खरोखरीच शिकायला बोलावले आहे. त्याने दाढी केली, बायकोकडून टाय बांधून घेतला आणि सकाळी सहाची बस पकडली. तिथे त्याला बाकावर बसू दिले नाही. समोर, करवतीशेजारी उभे केले. रातोमिर म्हणाले, “हात जरा वर धरा, ओब्रेन. मागच्यांना दिसत नाही.” चाळीस शिक्षकांनी पाहिला. काहींनी फोटो काढले. दुपारच्या सत्रात पुन्हा वर धरायला लावला, कारण उशिरा आलेल्यांचा पाहायचा राहिला होता. आमच्याकडे ज्याला हात दाखवून अवलक्षण म्हणतात, ते अर्जदाराने अशा रीतीने सरकारी खर्चाने करून घेतले.

११. त्याच दिवशी, हात वर धरून उभा असताना, अर्जदाराने आयुष्यात पहिल्यांदा ऐकले की या नव्या करवतीचे पाते बटण बंद केल्यावरही अकरा सेकंद फिरत राहते. रातोमिरांनी सगळ्यांकडून अकरापर्यंत मोठ्याने मोजून घेतले. अर्जदारही मोजत होता. घरी आल्यापासून तो मोजतो आहे. येलित्सा सांगते, जेवताना चमचा खाली ठेवून मोजतो, दिवा मालवला की मोजतो आणि मगच कूस बदलतो. संध्याकाळी त्याने त्या आठ तासांचे प्रमाणपत्र मागितले. आठ तास तो उभा होता. उत्तर मिळाले की, प्रमाणपत्र प्रशिक्षणार्थींना देतात. प्रशिक्षण साहित्याला देत नाहीत.

१२. आपल्या कचेरीतून तोंडी असेही सांगण्यात आले की, नोव्हेंबरचे प्रमाणपत्र रद्द केल्यास अर्जदाराचे पाच वर्षांचे तास आठाने कमी पडतील आणि तास कमी पडल्यास परवाना जाईल. मुख्याध्यापकांनी ते सोप्या भाषेत समजावले: “गेला होतास तर दोषी, नव्हतास तर नालायक. सही कर आणि मोकळा हो.” इकडे आड, तिकडे विहीर. अर्जदाराने कमी पडणारे आठ तास जूनपूर्वी कुठेही भरून देण्याची तयारी दाखवली. त्यावर उपलब्ध प्रशिक्षणांची यादी मिळाली. यादीत दोन आहेत. एक, नक्षी करवतीचे बारीक काम. दुसरे, ‘बोटांच्या सूक्ष्म हालचालींतून बालकांची सर्जनशीलता.’ दुसऱ्याला येताना स्वतःची कात्री आणावी, असे खाली छापले आहे.

१३. हा परिच्छेद अर्जदाराने सांगितलेला नाही. लिहिणारी आपल्या मनाने घालत आहे.

दि. २१ नोव्हेंबरला प्रशिक्षणाच्या खोलीत लिहिणारी एकटी होती. रातोमिर अकरा वाजता हात चोळत म्हणाले, “मिलुन्काबाई, तुम्ही जाणत्या आहात, हे यंत्राचं पुस्तक वाचा, मी जरा ओब्रेनकडं मेणबत्तीला नमस्कार करून येतो.” ते परत आले नाहीत. लिहिणारीने तेरा सह्या केल्या. त्यांत स्वतःची एक आणि बारा इतरांच्या. चार निरनिराळी पेने वापरली. पाद्रीबाबांची सही अवघड होती, तिला क्रूस आहे. ओब्रेनची सगळ्यांत सोपी. वीस वर्षे शेजारच्या टेबलावर पाहिलेली. मग वेळ जाईना म्हणून तिने पुस्तक वाचले. पान चौदावर अकरा सेकंदांचे लिहिले होते. तिने त्याखाली रेघ ओढली आणि समासात लिहिले, ‘ओब्रेनला सांगणे.’

सोमवारी ओब्रेन तिच्यासाठी डब्यात सारमा घेऊन आला. म्हणाला, “तू तिथं माझ्यासाठी ताटकळलीस, हे घे. काय शिकवलं गं?” लिहिणारीने डबा उघडला. ती म्हणाली, “काय शिकवणार? बटण कुठं आहे ते दाखवलं.” सारमा चांगली होती. ती उभ्याउभ्याच खाल्ली. पुस्तक पिशवीत होते. नंतर सांगू म्हणून राहिले, मग विसरले, आणि दहा मार्चला तिसऱ्या तासाला शेजारच्या वर्गात किंकाळी ऐकू आली तेव्हा आठवले. तिला आधी आठवले आणि मग ती धावली. या गोष्टीची लाज तिला अपघाताहून जास्त वाटते. तिने हे आजवर कोणालाही सांगितले नव्हते. अर्जदारालाही नाही.

१४. वरचा परिच्छेद लिहून झाल्यावर अर्जदाराने कागद ओढून घेतला आणि वाचला. वाचून झाल्यावर त्यावर अंगठा टेकवून बसून राहिला. लिहिणारीला वाटले तो अकरा मोजत असेल, पण तो त्याहून पुष्कळ पुढे गेला. मग म्हणाला, “खोडू नकोस. पुढं लिही.” म्हणून पुढे लिहिले आहे. त्यानंतर तो तिच्याशी बोललेला नाही. जे सांगायचे ते भिंतीकडे पाहून सांगतो आहे.

१५. आता सहीबद्दल. आपल्या ५ मेच्या पत्रात म्हटले आहे की, आधीच्या दोन्ही अर्जांवरील सही हजेरीपटावरील सहीशी जुळत नाही, सबब ते अर्ज अर्जदाराचे मानता येत नाहीत. अभिलेखाशी जुळणारी सही करून फेरअर्ज करावा. आधीच्या सह्या अर्जदाराने डाव्या हाताने केल्या होत्या. पहिलीला पाऊण तास लागला. कोंबडी चालून गेल्यासारखी दिसते हे त्यालाही मान्य आहे, पण ती त्याची होती.

आपल्या आज्ञेप्रमाणे या वेळी अभिलेखाशी जुळणारी सही केली आहे. ती मिलुन्का तोशिच हिने केली आहे. हजेरीपटावरची जिने केली तिनेच, त्याच निळ्या पेनाने, अर्जदाराच्या देखत आणि त्याच्या सांगण्यावरून. कृपया दोन्ही सह्या शेजारी ठेवून पाहाव्यात. त्या एकाच हाताच्या आहेत. ज्याला बोटे नाहीत त्याची सही मे महिन्यात हुबेहूब तशीच उमटते, याचा अर्थ नोव्हेंबरातही ती त्याची नव्हती. याहून स्वच्छ पुरावा अर्जदारापाशी नाही, कोणापाशीही असू शकत नाही. याने लिहिणारीची नोकरी जाईल हे तिला ठाऊक आहे. अर्जदारालाही ठाऊक आहे. सकाळी तो सही करायला नको म्हणत होता. तेराव्या परिच्छेदानंतर त्याने स्वतः पेन तिच्यापुढे सरकवले.

१६. तरी आपण त्या दिवशी जिथे होता ते स्मरून, अर्जदार तिथेच होता असे मान्य करावे, आणि १ जूनच्या आत निर्णय व्हावा. अर्जदाराला दुसरे काही काम येत नाही. या वर्षी २१ नोव्हेंबरलाही मेणबत्ती लागेल. ग्लास डाव्या हातात असेल आणि दार उघडे असेल. आपणही यावे. अर्जदाराने हे वाक्य स्वतः सांगितले आहे आणि त्याच्या सुरुवातीला त्याने आपणास काही म्हटलेले नाही.

आपण ज्याच्या घरचे मीठ खाल्लेत तो, आपला नम्र,

(सही) ओब्रेन वुकायलोविच

ओराश्ना, दि. १७ मे २०१६

सोबत:
१. हजेरीपटाची नक्कल.
२. स्लावाचे छायाचित्र (दुमडलेले).
३. यंत्राचे पुस्तक, पान चौदा, समासातील मजकुरासह.
४. उजव्या हाताचा ठसा. कागद लहान असूनही मावला आहे.

—

कचेरीचा शेरा, दि. २७ मे २०१६:

अर्ज पाहिला. सहीचा पडताळा घेण्यात आला. सही अभिलेखातील सहीशी तंतोतंत जुळते. सबब अर्ज अर्जदाराचा असल्याचे मान्य करण्यात येते.

ज्याअर्थी सही जुळते, त्याअर्थी अर्जदाराचा उजवा हात लिहिण्यास पूर्ववत सक्षम झाल्याचे सिद्ध होते. अपघाताचे प्रकरण निकाली काढण्यात येत आहे. नोकरीवरून काढण्याचा प्रस्ताव मागे घ्यावा. प्रमाणपत्र कायम.

श्रीमती तोशिच यांनी, स्वतः न केलेल्या सह्या केल्याची कबुली देऊन कचेरीची दिशाभूल केली. त्यांना आजपासून सेवामुक्त करावे आणि त्यांचे सर्व तास अर्जदाराकडे द्यावेत.

छायाचित्र या कचेरीत ठेवून घेतले आहे.

अर्जदाराने सोमवार, दि. ३० मे रोजी पहिल्या तासाला करवतीवर हजर व्हावे. हजेरीपटावर सही स्वतःच्या हाताने करावी.